स्पा-फ्रँकोरशाँ सर्किट आपल्या वावरात आखून समजून घ्या

फॉर्म्युला वनची शर्यत मोबाइलवर पहिल्यांदा पाहणाऱ्याला गाड्या दिसतात, जागा दिसत नाही. आपल्या शंकरपटात पट्टी सरळ असते. जोडी सुटते कुठून आणि पोचते कुठं, हे एका जागी उभं राहून कळतं. सर्किटवर तशी सोय नाही. सात किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, कॅमेरा दर दोन सेकंदांनी बदलणारा, आणि समालोचक वळणांची फ्रेंच नावं घेत सुटलेला. गाडी आत्ता चढावर आहे की उतारावर, पुढचं वळण डावं की उजवं, हे कळेपर्यंत ती तिथून गेलेलीही असते.

यावरचा उपाय म्हणजे एक सर्किट स्वतःच्या हातानं जमिनीवर आखायचं, अगदी मापात. एकदा एक सर्किट पायाखालून गेलं की बाकीची वाचता येतात. त्यासाठी मी बेल्जियममधलं स्पा-फ्रँकोरशाँ सुचवतो. आर्देन नावाच्या जंगली डोंगराळ भागात ते आहे. ते खेड्यांना जोडणाऱ्या साध्या रस्त्यांतून तयार झालं, आणि त्याची शंभर वर्षं त्याच्या आकारातच वाचता येतात.

आधी माप ठरवा

एकास शंभर हे माप घ्या. सर्किटवरचे शंभर मीटर म्हणजे आपल्या वावरातला एक मीटर. स्पाची आजची लांबी ७.००४ किलोमीटर आहे, म्हणजे आपली रेघ ७० मीटरची होईल. वळणं घेत ती रेघ साधारण तीस मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद जागेत मावते. फॉर्म्युला वनची गाडी साडेपाच मीटरच्या आसपास लांब असते. आपल्या मापात ती साडेपाच सेंटिमीटर होते, म्हणून गाडीच्या जागी काडेपेटी चालेल.

जागा सपाट हवी. हरभरा किंवा गहू निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये वावर मोकळं असतं, तेव्हा आखा. नुकतं वखरलेलं रान नको, ढेकळांत रेघ टिकत नाही. तसं रान नसेल तर शाळेचं मैदान घ्या. आपल्याकडचं ऊन लक्षात घेऊन सकाळी सहालाच सुरुवात करा. नऊनंतर पोरांना उन्हात ठेवू नका. बेल्जियमची शर्यत गेल्या काही हंगामांत जुलैच्या उत्तरार्धात होते. तेव्हा आपल्याकडं कपाशी-सोयाबीन उभं असतं आणि पावसात रेघही राहणार नाही. म्हणून आखणी उन्हाळ्यात करायची आणि शर्यत पावसाळ्यात पाहायची.

सामान घरचंच आहे. कबड्डीचं मैदान आखायची फक्की, चुलीतली राख, सुतळी, लांब टेप, आणि तुराट्या. तुराट्या भरपूर घ्या, पुढं उंची दाखवायलाही त्याच लागणार आहेत.

नकाशा जमिनीवर उतरवणं

मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडून स्पाचं सर्किट शोधा आणि तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्यात मोठ्या कागदावर छापून आणा. नकाशाच्या कोपऱ्यात मापपट्टी असते, ती छापील कागदावर यायलाच हवी. त्या पट्टीच्या आधारानं कागदावर पेन्सिलीनं ५०० मीटरचे चौकोन पाडा. आता जमिनीवर सुतळी ताणून पाच-पाच मीटरचे तितकेच चौकोन पाडा. काटकोन साधायला गवंडी करतात तेच करायचं: एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार मीटर मोजायचे आणि तिरपं अंतर पाच मीटर भरेपर्यंत दोरी सरकवायची. कागदावरच्या ज्या चौकोनातून रस्ता जिथं शिरतो आणि जिथून निघतो, जमिनीवरच्या त्याच चौकोनात तिथं तुराटी रोवा. सगळ्या तुराट्या रोवून झाल्या की त्यांच्या बाजूनं सुतळी फिरवा आणि ती सोडून मोजा. सत्तर मीटरच्या जवळ भरली तर आकार बरोबर आला. चार-पाच मीटर कमी भरली तर बहुधा वळणं कापली गेली आहेत. नकाशा पुन्हा पाहा.

मग फक्कीनं दोन रेघा मारा, मध्ये बारा सेंटिमीटर अंतर ठेवून. खऱ्या रस्त्याची रुंदी सगळीकडं सारखी नाही, पण समजण्यासाठी एवढं पुरे.

नावांच्या चिठ्ठ्या लावताना फेरी मारा

गाड्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं धावतात. उत्तरेच्या टोकाला सुरुवातीची रेघ आहे. तिथून थोडंसं गेलं की उजवीकडं एकदम मागं वळणारं ला सूर्स येतं. तिथून लांब उतार लागतो आणि उताराच्या तळाशी ओ रूज नावाचा नाला आहे. लोहामुळं त्याचं पाणी तांबूस दिसतं. नाल्याशी रस्ता जरा डावीकडं झुकतो आणि लगेच उजवीकडं चढ चढायला लागतो. चढाच्या माथ्यावर पुन्हा डावीकडं जातो. तळाचा डावा झोका म्हणजे ओ रूज, आणि पुढचा चढता भाग म्हणजे रेदियों. बोलताना बहुतेक जण दोन्हींना मिळून ओ रूजच म्हणतात, पण चिठ्ठ्या वेगळ्या लावा.

माथ्यावरून केमेलचा लांब सरळ रस्ता निघतो, तोही चढताच. त्याच्या शेवटी ले कोंब: उजवं, डावं, आणि लगोलग मालमेदी नावाचं उजवं. इथून सर्किट डोंगराच्या दुसऱ्या अंगानं उतरू लागतं. ब्रुसेल हे लांबलचक उजवं वळण, मग एक छोटं डावं, मग पूऑं. पूऑं म्हणजे उतारावरचं दुहेरी डावं वळण, आणि ते भरधाव घ्यावं लागतं. ओ रूजइतकं त्याचं नाव लोकांच्या तोंडी नाही, पण ड्रायव्हरचा हात पाहायचा असेल तर मला पूऑं अधिक भावतं. पुढं फान्यचं उजवं-डावं, मग स्तावलोची दोन उजवी वळणं. त्यांतल्या दुसऱ्याला बेल्जियमचे ड्रायव्हर आणि पत्रकार पॉल फ्रेर यांचं नाव दिलेलं आहे. तिथून जंगलातून परतीचा वेगवान रस्ता, त्यात ब्लांशिमों हे डावं वळण, आणि शेवटी बस स्टॉपचं आखूड उजवं-डावं. एक फेरी झाली.

पोरांना ही नावं पाठ करायला लावू नका. चार वेळा पायी फिरली की आपोआप तोंडात बसतात.

उंची दाखवल्याशिवाय स्पा कळत नाही

पडद्यावर हे सर्किट सपाट दिसतं, आणि नवख्या माणसाची खरी अडचण इथंच होते. सर्वांत उंच जागा ले कोंबजवळ आहे, सर्वांत खालची स्तावलोजवळ, आणि दोन्हींत सुमारे १०० मीटरचा फरक आहे. आपल्या मापात तो एक मीटर होतो.

ले कोंबला जमिनीवर एक मीटर उरेल अशी तुराटी रोवा. स्तावलोला जमिनीलगत फक्त खुंटी ठोका. मधल्या जागांची उंची गुगल अर्थवर मिळते, त्या जागी नकाशा नेला की समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. त्यातून स्तावलोची उंची वजा करा. उरलेले जितके मीटर तितके सेंटिमीटर तुराटी ठेवा. रोवण्यासाठी खाली वीतभर जास्त घ्यायला विसरू नका. मग सगळ्या तुराट्यांच्या शेंड्यांवरून रंगीत सुतळी ओढा.

ही सुतळी बाजूनं बसून पाहा. ला सूर्सपासून ती खाली येते, ओ रूजला तळ गाठते आणि तिथून एकदम उचलते. रेदियोंच्या छोट्याशा अंतरात खरा रस्ता पस्तीस-चाळीस मीटर चढतो. कोरड्या रस्त्यावर आजच्या गाड्या तिथं ॲक्सिलरेटर सोडत नाहीत. तळाशी ड्रायव्हर आसनात दाबला जातो, माथ्यावर गाडी हलकी होते, आणि माथ्यापलीकडं काय आहे ते त्याला चढताना दिसत नाही. पुढं कुणी घसरून रस्त्यात आडवं पडलेलं असेल, तर मागच्याला ते कळायला फार उशीर होतो. हे वाक्य पोरांना सुतळी दाखवूनच सांगा. पुढच्या इतिहासातली काही दुःखं त्या माथ्याजवळ घडली आहेत.

आता वेगाचा प्रयोग

मला यातला सगळ्यात आवडता भाग हा. शर्यतीत चांगली फेरी पावणेदोन मिनिटांची होते. म्हणजे आपली सत्तर मीटरची फेरी एकशे पाच सेकंदांत पुरी करायची. एकानं काडेपेटी हातात धरून वाकून चालायचं, दुसऱ्यानं मोबाइलवर पाहून मोठ्यानं सेकंद म्हणायचे. ला सूर्सला वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास उतरतो: आपल्या मापात सेकंदाला एक वीत. केमेलच्या शेवटी तो ताशी ३३० च्या घरात जातो: सेकंदाला दोन हात. म्हणजे वीतभरापासून दोन हातांपर्यंतचा फरक, आणि तो एकाच फेरीत पुन्हा पुन्हा.

केमेल संपताना ब्रेक लागतात. ते शंभर मीटरच्या आसपासच्या अंतरात, म्हणजे वावरात एका मीटरमध्ये. दोन हातांच्या चालीनं येऊन एवढ्याशा जागेत अर्ध्या चालीवर यायचं. जो पोरगा हे करून पाहतो त्याला ओव्हरटेक ले कोंबलाच का होतात हे समजावून सांगावं लागत नाही. मागची गाडी केमेलवर पुढच्या गाडीच्या आडोशानं येते, हवेचा विरोध कमी झाल्यानं वेग घेते, आणि ब्रेकच्या त्या एका मीटरात बाजूला निघते.

२००० सालचा प्रसंग तीन काड्यापेट्यांनी मांडा. ४४ फेऱ्यांतली ४१वी चालू होती. पुढं मायकेल शूमाकर, मागं मिका हाक्किनेन, आणि दोघांच्या समोर एक फेरी मागं पडलेला रिकार्डो झोंता. झोंता रस्त्याच्या मधोमध होता. शूमाकर त्याच्या डावीकडून गेला, हाक्किनेन त्याच क्षणी उजवीकडून. ले कोंब उजवं वळण आहे, त्यामुळं आतली बाजू हाक्किनेनला मिळाली आणि शर्यत त्यानं जिंकली. बारा सेंटिमीटरच्या रेघांत तीन पेट्या शेजारी शेजारी ठेवा, कुणाला किती जागा उरली ते पाहा.

जुनं सर्किट राखेनं ओढा

आता राख घ्या. ले कोंबला आजचा रस्ता उजवीकडं वळतो, जुना डावीकडं जात असे. तिथून तो बुर्नेनव्हिलवरून मालमेदी गावाकडं उतरायचा, मग मास्ताच्या लांब सरळ रस्त्यानं स्तावलो गावाला, आणि तिथून ब्लांशिमोंकडं परत. फ्रँकोरशाँ, मालमेदी आणि स्तावलो या तीन गावांचा हा त्रिकोण. जुनी लांबी १४ किलोमीटरच्या वर, म्हणजे आपली राखेची रेघ धुरा ओलांडून जाईल. शेजाऱ्याला आधी विचारून घ्या.

ही रेघ चालत जाता जाता इतिहास सांगा, बसून सांगू नका. आधी ओ रूजच्या नाल्यापाशी उभे राहा: पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीची हद्द इथं होती. युद्धानंतर मालमेदीचा मुलूख बेल्जियमकडं आला, आणि लगेच १९२०-२१ मध्ये वृत्तपत्राचे मालक ज्यूल द तिये आणि आँरी लाँग्ल्वा व्हान ओफेम यांनी या रस्त्यांवर शर्यतीचा त्रिकोण आखला. १९२१ ची पहिली शर्यत मोटारींची व्हायची होती, पण नाव एकाच गाडीचं आलं, म्हणून मोटारसायकली धावल्या. १९२४ पासून चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, १९२५ मध्ये पहिली बेल्जियन ग्रां प्री, म्हणजे देशाची मोठी मोटार शर्यत, अंतोनियो अस्कारी यांनी अल्फा रोमियो गाडीतून जिंकली. नाल्यानंतर जुन्या जकात नाक्याकडं जाऊन वळसा घ्यावा लागे. १९३९ मध्ये तो टाळून सरळ चढ काढला. तोच रेदियों.

पुढं मास्तापर्यंत चालत जा. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, विजेचे-तारेचे खांब, झाडं, शेताची कुंपणं होती. आपल्या गावातून जाणारा डांबरी रस्ता डोळ्यांपुढं आणा आणि त्यावरून ताशी अडीचशेच्या वर वेग समजा. १९६० च्या ग्रां प्रीत ख्रिस ब्रिस्टो आणि ॲलन स्टेसी हे दोन तरुण ड्रायव्हर एकाच दिवशी अपघातांत मरण पावले. १९६६ मध्ये पहिल्याच फेरीत पावसानं गाठलं आणि मास्ताच्या वळणावर जॅकी स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. तो गाडीत अडकला, अंगावर पेट्रोल गळत होतं. त्याला बाहेर काढलं ते ग्रॅहम हिल आणि बॉब बॉंड्युरंट या दोन ड्रायव्हरांनी, एका प्रेक्षकाकडून पाना मागून घेऊन. त्याला पंचवीसेक मिनिटं लागली. पुढं स्टुअर्ट शर्यतीत उतरताना गाडीत पाना चिकटवून ठेवायचा, आणि त्यानं आयुष्यभर सुरक्षिततेचा आग्रह धरला. अनेकांनी त्याला भित्रा म्हटलं. आज शर्यतीत डॉक्टर, अग्निशमन आणि कडेचे कठडे गृहीत धरले जातात, त्यामागं त्याचं हे भांडण आहे.

१९६९ ची शर्यत ड्रायव्हरांनी नकार दिल्यानं झालीच नाही. १९७० ची पेद्रो रोद्रिगेझनं ताशी २४१ किलोमीटरच्या सरासरीनं जिंकली, आणि जुन्या रस्त्यावरची फॉर्म्युला वन तिथं संपली. आता आपला एकशे पाच सेकंदांचा हिशेब आठवा: आजच्या फेरीची सरासरीही ताशी २४० च होते. सर्किट अर्ध्यावर आणलं, वळणं वाढवली, तरी वेग तितकाच आहे. बदललं ते रस्त्याच्या कडेला उभं असलेलं सगळं. १९७९ मध्ये ले कोंबपासून स्तावलोच्या बाजूला जोडणारा नवा रस्ता खुला झाला आणि १९८३ मध्ये फॉर्म्युला वन परत आली.

मोकळी जागा आणि पाणी

फक्कीच्या रेघेबाहेर वळणांच्या पलीकडच्या अंगाला बारीक गिट्टी पसरा. घसरलेल्या गाडीचा वेग तिथं मरतो. रेदियोंच्या दोन्ही बाजूंना पसरताना मात्र थांबा. तिथं डोंगर आणि झाडी लागून असल्यानं वर्षानुवर्षं जागा अपुरी होती. कठड्यावर आदळलेली गाडी परत रस्त्यावर फेकली जाई. ऑगस्ट २०१९ मध्ये फॉर्म्युला टूच्या (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या) शर्यतीत आंत्वान ह्यूबेर हा ड्रायव्हर माथ्यानंतरच्या अपघातात मरण पावला. २०२२ च्या हंगामाआधी इथं मोकळी जागा वाढवली, खडी टाकली. जुलै २०२३ मध्ये पावसात, केमेलवर, अठरा वर्षांचा ड्रायव्हर दिलानो व्हान 'त होफ अपघातात मरण पावला. तेव्हा काम पूर्ण झालं असं कुणी म्हणू नये. पावसात गाड्यांच्या मागं उडणाऱ्या तुषारांनी पुढचं दिसत नाही, ही अडचण कडेच्या खडीनं सुटत नाही.

पावसासाठी झारी आणा. फक्त पूऑं ते स्तावलोचा भाग भिजवा, बाकी कोरडं ठेवा. सर्किट एवढं लांब आणि डोंगरात असल्यानं असं खरोखर होतं. एका टोकाला पाऊस, दुसऱ्या टोकाला कोरडं. आता पोरांना विचारा, टायर कोणते लावायचे? खाचांचे टायर ओल्यात धरतात, पण कोरड्यावर तापून लवकर झिजतात. गुळगुळीत टायर कोरड्यावर वेगवान, ओल्यात धोक्याचे. उत्तर एक नाही, म्हणून तर शर्यतीत संघांचे अंदाज चुकतात. १९९८ ला पावसात पहिल्याच फेरीत ला सूर्सनंतरच्या उतारावर डझनभर गाड्या एकमेकींवर आदळल्या, आणि शेवटी डेमन हिलनं जॉर्डन संघाला पहिला विजय मिळवून दिला. २०२१ ला तर गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे वेग आवरायला पुढं धावणाऱ्या गाडीच्या, मागंच फिरल्या आणि निम्मे गुण वाटून शर्यत संपवली. लोक चिडले. तुषारांत समोरचं न दिसण्याचा अर्थ कळल्यावर मला तो राग पटत नाही, पण तासन्‌तास चिखलात उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांची बाजूही खोटी नव्हती.

शर्यतीच्या दिवशी

बेल्जियमची दुपारची तीनची शर्यत आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाला लागते. आखणीचे फोटो बाजूला ठेवा. पहिल्या दहा फेऱ्यांत कोण कितवा आहे ते पाहू नका. गाडी आत्ता कोणत्या चिठ्ठीपाशी आहे एवढंच ओळखा. मग वेळेचे तीन टप्पे लक्षात घ्या: पहिला ले कोंबपर्यंत, दुसरा स्तावलोपर्यंत, तिसरा परतीचा. पहिला आणि तिसरा सरळ वेगाचे, मधला वळणांचा. एखादी गाडी मधल्या टप्प्यात कमावते आणि केमेलवर गमावते असं दिसलं, तर त्या संघानं गाडीला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पंखांचा दाब जास्त ठेवला आहे हे तुमचं तुम्हालाच कळेल.

वावर पेरणीला लागण्याआधी सुतळ्या, खुंट्या आणि गिट्टी वेचून घ्या. गिट्टी राहिली तर वखराला लागते. पुढच्या उन्हाळ्यात दुसरं सर्किट आखायचं असेल तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट घ्या. ५.१२५ किलोमीटर, म्हणजे एक्कावन्न मीटरची सुतळी. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला.